विशेष खेळाडूंचं स्वयंसेवी प्रशिक्षण

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलामुलींना, आणि मोठ्यांनाही, पैसे न घेता खेळ शिकवायचं काम. शिकवणाऱ्याला मुलं सर, मॅडम नाहीतर सरळ दादा-ताई म्हणतात. जुन्या कागदपत्रांत 'मतिमंद' हा शब्द सापडतो, तो आता टाळलेलाच बरा. पॅरा स्पोर्ट्सशी याची नेहमी गल्लत होते. तिथं मुख्यतः शारीरिक आणि दृष्टीचं अपंगत्व येतं, इथं बौद्धिक.

उगमाबद्दल दोन मतं आहेत. एक धरतं २० जुलै १९६८, शिकागोचं सोल्जर फील्ड, पहिली स्पेशल ऑलिम्पिक्स, म्हणजे बौद्धिक अक्षमता असलेल्यांची स्पर्धा; तिची मूळ कल्पना शिकागोच्या पार्क खात्यातल्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका ॲन बर्क यांची. दुसरं मत मागं १९६२ च्या उन्हाळ्यात जातं, स्पेशल ऑलिम्पिक्सच्या संस्थापक युनिस केनेडी श्रायव्हर यांनी मेरीलँडमधल्या आपल्या घराच्या आवारात भरवलेल्या शिबिराकडं. कॅनडाचे संशोधक फ्रँक हेडन यांनी त्याच सुमारास दाखवून दिलं की ही मुलं खेळात मागं पडतात ती मुख्यतः संधीच मिळत नाही म्हणून, त्यांचंही श्रेय मोठं आहे. स्पर्धेचा उगम १९६८ म्हणा हवं तर, पण स्वयंसेवी शिकवण्याचा धरायचा तर १९६२ च जास्त पटतं, कारण त्या शिबिरात शाळा-कॉलेजची पोरंच मुलांसोबत पोहायला, पळायला उतरली होती. भारतात १९८७ च्या सुमारास काम सुरू झालं आणि आजची स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संस्था २००१ मध्ये ट्रस्ट म्हणून नोंदली गेली.

स्पर्धेला वय ८ पासून पुढं, वरची मर्यादा नाही. वय, लिंग आणि क्षमता बघून गट पाडतात, आधी प्राथमिक फेरीत वेळ किंवा अंतर घेतात आणि मग जवळपास सारख्या ताकदीचे एकत्र. म्हणून प्रशिक्षकानं वेळ खरी द्यावी लागते. प्राथमिक फेरीत मुद्दाम हळू पळवलं आणि फायनलला एकदम सुसाट सोडलं तर खेळाडू बाद होऊ शकतो. फसवणूक किती महाग पडते ते २००० च्या सिडनी पॅरालिम्पिकमध्ये दिसलं, स्पेनच्या बास्केटबॉल संघातल्या १२ पैकी १० जणांना बौद्धिक अक्षमता नव्हतीच, आणि त्यापायी पॅरालिम्पिकमधून बौद्धिक अक्षमतेचा गटच २०१२ च्या लंडनपर्यंत बाहेर राहिला. शिक्षा खऱ्या खेळाडूंनी भोगली.

डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलाच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, त्यामुळं डॉक्टरांनी मान तपासून हिरवा कंदील दिल्याशिवाय सूर मारणं, कोलांटउडी, फुटबॉलला हेडर असलं काही करून घ्यायचं नाही. यात तडजोड नको.

कोल्हापुरात तालमी आहेत, खासबागचं कुस्ती मैदान आहे, शाहू स्टेडियमवर फुटबॉलला गर्दी आहे, त्यामुळं या कामाचं नातं वस्तादांच्या परंपरेशी जोडावंसं वाटतं. ते अर्धंच खरं. वस्ताद चांगला पठ्ठ्या हेरतो, इथं हेरायचं काही नसतं, जो येईल तो आपला. शिकवायची रीत मात्र जवळची, आधी हात धरून, मग करून दाखवून, शेवटी नुसत्या शब्दावर. आणि शब्द एका वेळी एकच, "धर", तो जमला की "टाक". ५० मीटरला पोरगं जोरात पळत येतं आणि चुन्याच्या रेघेवर थांबतं, किंवा मागं राहिलेल्या दोस्तासाठी रेघेच्या अलीकडंच उभं राहतं. म्हणून दादानं रेघेच्या पलीकडं आठ-दहा पावलं लांब हात पसरून उभं राहायचं, पळायचं ते दादापर्यंत, रेघेपर्यंत नव्हे.

सराव विशेष शाळांच्या मैदानावर चालतो. जूनपासून पावसानं मैदान बंद, मग व्हरांड्यात बोची (लक्ष्याच्या लहान चेंडूजवळ आपला चेंडू लोळवायचा खेळ) नाहीतर नुसता चेंडू झेलायचा. खंड पडला की मुलं बरंच विसरतात, त्यामुळं गणपतीनंतर मैदान वाळलं की परत चुना मारायचा, आणि दादा परत रेघेच्या पलीकडं.