एक घर, अनेक भाडेकरू : लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी

महाराष्ट्रात आपले स्वतंत्र घर किंवा बंगला तीन-चार जणांना मिळून राहण्यासाठी भाड्याने द्यायचा असेल, तर त्याचा लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती घर वापरण्याची परवानगी देणारा करार) लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. अकरा महिन्यांचा करार नोटरीकडून करून घेतला की पुरे, हा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. खरा धोका मात्र वेगळाच आहे. वाद उद्भवल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते.

सर्वांचा मिळून एक करार करावा की प्रत्येकाचा वेगळा, हे आधी ठरवावे. स्वयंपाकघर, वीजमीटर आणि प्रवेशद्वार सामाईक असेल तर एकच करार सोयीचा ठरतो. मात्र त्यात राहणाऱ्या प्रत्येकाचे नाव पक्षकार म्हणून असावे आणि भाडे, वीजबिल व नुकसानभरपाई यांसाठी सर्व जण संयुक्तपणे तसेच स्वतंत्रपणे जबाबदार राहतील, म्हणजे पूर्ण रक्कम कोणा एकाकडूनही मागता येईल, असे स्पष्ट लिहावे. एकाच्याच नावावर करार करून बाकीच्यांना ‘सोबती’ म्हणून राहू देण्याची पद्धत टाळावी, कारण त्या बाकीच्यांकडून थकबाकी मागण्यास कागदोपत्री आधारच उरत नाही. खोलीनिहाय वेगळे करार केल्यास प्रत्येकात खोलीचे वर्णन आणि सामाईक वापराच्या जागा नमूद कराव्यात. नोंदणी फीही प्रत्येक कराराला वेगळी लागते.

प्रत्येक पक्षकाराचे वय 18 वर्षे पूर्ण असावे. घरमालकाने सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या दस्तनोंदणीचा उतारा), मालमत्ता पत्रक किंवा मालमत्ता कराची पावती यांपैकी मालकी दाखवणारा कागद, वीजबिल, आधार आणि पॅन तयार ठेवावे. घर दोघांच्या नावावर असल्यास दोघांनीही पक्षकार व्हावे. भाडेकरूंकडून आधार, पॅन, कायमचा पत्ता आणि नोकरीचे किंवा शिक्षणसंस्थेचे ओळखपत्र घ्यावे.

अर्ज नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. तेथे मालमत्ता, पक्षकार, कालावधी, भाडे आणि अनामत यांची माहिती भरल्यावर मसुदा तयार होतो. त्यानंतर शुल्क भरून आधार पडताळणीने सर्वांचे छायाचित्र व अंगठा घेतला जातो. दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊनही नोंदणी होते. त्या वेळी पक्षकारांना ओळखणाऱ्या दोन व्यक्ती सोबत न्याव्यात.

मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि परताव्याच्या अनामत रकमेवरील वार्षिक 10 टक्के व्याज यांच्या बेरजेवर 0.25 टक्के आहे. समजा, चौघांचे मिळून मासिक भाडे 20,000 रुपये, अनामत 60,000 रुपये आणि मुदत एक वर्ष आहे. भाडे 2,40,000 आणि व्याज 6,000, म्हणजे 2,46,000 रुपयांवर 615 रुपये शुल्क येते. नोंदणी फी शहरी भागात 1,000 आणि ग्रामीण भागात 500 रुपये आहे. शुल्क कोणी भरायचे, हे करारातच लिहून ठेवलेले बरे.

नोंदणीनंतर भाडेकरूंची माहिती स्थानिक पोलिसांना द्यावी. ती राज्य पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावरूनही देता येते.

मुदतीच्या मध्येच एक जण निघून जाणे आणि त्याच्या जागी दुसरा येणे, हे अशा घरात नेहमीचेच असते. नव्या व्यक्तीचे नाव जुन्या करारावर हाताने लिहून चालत नाही. जाणाऱ्याचा हिशेब आणि अनामतीतील त्याचा वाटा लेखी मिटवून जुना करार सर्वांच्या सहीने संपुष्टात आणावा आणि नव्या नावासह नवीन करार नोंदवावा. मुदत संपल्यावरही कोणी घर सोडले नाही, तर याच अधिनियमाच्या कलम 24 अन्वये सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) ताब्यासाठी अर्ज करता येतो आणि जागा सोडेपर्यंतच्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते.