गुंठाभर हिरवळीची तहान

मामेभावानं गुहागरजवळ आजोळच्या जागेत नवं घर बांधलं आणि पुढच्या गुंठाभर जागेत लॉन लावायचं ठरवलं. मी नको म्हणालो. त्यावर तो हसला. "अरे, आमच्याकडे पाऊस किती पडतो ठाऊक आहे ना? तीन हजार मिलिमीटर. तुमच्या पुण्याच्या कितीतरी पट. इथे गवताला पाणी पुरणार नाही तर कुठे पुरणार?" आकडा खरा होता, त्यामुळे मी गप्प बसलो.

तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरीचं पाणी मचूळ झालं. हे आधी कळलं ते मामीला. तूरडाळ शिजायला वेळ घेऊ लागली, मग चहाची चव बिघडली, आणि मग अबोलीच्या पानांच्या कडा करपल्या. भाऊ म्हणाला, "समुद्र जवळ आहे, व्हायचंच." पण समुद्र तर आजोबांच्या वेळीही तेवढाच जवळ होता.

आकड्याचाच हिशोब आधी करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. गुंठा म्हणजे साधारण 101 चौरस मीटर. तीन हजार मिलिमीटरनं या एका गुंठ्यावर वर्षाला तीन लाख लिटर पाणी पडतं. लंडनमध्ये वर्षभरात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे तेवढ्याच जागेवर साठ हजार लिटर. तरी लॉन ही कल्पना वाढली ती तिकडच्या हवेत, कारण तो सहाशे मिलिमीटर बाराही महिन्यांत थोडा थोडा वाटून पडतो. आपला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात कोसळतो, आणि डिसेंबर ते एप्रिल आभाळातून थेंब नाही. गवताला वर्षाची बेरीज कळत नाही. त्याला आज मुळाशी ओल आहे की नाही, एवढंच कळतं.

आता तहान. झाडं किती पाणी पितात हे हवामानावरून काढायचं गणित हॉवर्ड पेनमन या इंग्रज शास्त्रज्ञानं 1948 मध्ये मांडलं. ऊन, वारा, तापमान आणि हवेतला दमटपणा यांवरून किती पाणी वाफ होऊन जाईल ते त्यातून सांगता येतं. पुढे त्यात भर पडत गेली आणि 1998 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं जगभरासाठी एक माप पक्कं केलं. हे माप म्हणजे 12 सेंटिमीटर उंचीचं, जमीन पूर्ण झाकणारं, पाण्याची जराही टंचाई नसलेलं हिरवं गवत. ऊस असो की आंबा, प्रत्येकाची गरज या कल्पनेतल्या गवताच्या तुलनेत सांगतात. थोडक्यात, पाण्याची मोजपट्टी म्हणूनच जग ज्याच्याकडे बघतं, ते भावानं ओटीसमोर अंथरलं होतं.

कोकण किनाऱ्यावर एप्रिल-मे महिन्यांत हे माप रोज पाच मिलिमीटरच्या आसपास येतं. उष्ण प्रदेशातल्या लॉनच्या गवतांना त्याच्या साधारण 85 टक्के पाणी लागतं. म्हणजे गुंठ्याला सव्वाचारशे लिटर. फवाऱ्यातून उडून जाणारं धरलं, तर विहिरीतून रोज 500 लिटर उपसायला हवं. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण भागात माणशी रोज 55 लिटर पाणी धरतात. गुंठाभर लॉन नऊ माणसांचं पाणी पितं. ठिबकनं एका माडाला उन्हाळ्यात दिवसाला साधारण 30 ते 40 लिटर पुरतात, तेव्हा एवढ्या पाण्यात डझनभर माड जगतात, आणि माड निदान नारळ तरी देतो.

मग ते तीन लाख लिटर जातं कुठे? वरच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जांभा आहे. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरनं केरळात हा दगड पाहिला आणि 1807 मध्ये छापलेल्या पुस्तकात, विटेसारखा कापता येतो म्हणून लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटराइट हे नाव दिलं. आपण त्याला चिरा म्हणतो, घरं बांधतो. मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र दगड. पाणी भराभर आत घेतो आणि तितक्याच भराभर पायथ्याच्या झऱ्यांतून सोडून देतो. सह्याद्रीपासून समुद्र पन्नास-साठ किलोमीटर, नद्या आखूड, उतार तीव्र. गणपती जाऊन दिवाळी उजाडेपर्यंत बरंचसं पाणी समुद्राला मिळालेलं असतं.

खाली पुळणीलगतच्या वाळूत मात्र वेगळीच गंमत आहे. तिथे पावसाचं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड. तेवढ्या फरकामुळे गोडं पाणी वरच्या बाजूला भिंगासारखं साठतं. घायबेन या डच लष्करी अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि हर्झबर्ग या जर्मन अभियंत्यानं 1901 मध्ये, एकमेकांशी संबंध नसताना, त्याचं एकच गणित काढलं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडं पाणी असतं. ऐकायला फार छान. पण हे उलटं वाचलं की पोटात गोळा येतो. उपसून वरची पातळी एक वीत खाली नेली, तर खालचं खारं पाणी चाळीस विती वर सरकू पाहतं. प्रत्यक्षात जमीन इतकी सरळ वागत नाही, आणि खारं पाणी चढायला वेळही घेतं. पण विहिरीच्या बरोब्बर खाली, जिथे पंप ओढतो, तिथे ते शंकूसारखं वर येतं.

आजोबांच्या वेळीही वाडीचं शिंपण याच विहिरीतून व्हायचं. पण रहाटाला बैल होता, आणि बैल दमायचा. तो दमला की विहीर विसावा घ्यायची, वरची पातळी सावरायची. भावाच्या पंपाला टायमर होता. मोटार काय, दमत नाही.

करपलेल्या कडांचं आणि डाळीचं कोडंही इथेच सुटतं. समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही असतं, त्यानं डाळीच्या दाण्यातलं बंधन घट्ट होतं. पान वाफेवाटे फक्त पाणी सोडतं, क्षार मागे उरतात आणि कडेला साठतात. भर दुपारी फवाऱ्यानं पानंच भिजवली तर क्षार थेट पानांवरच सुकतात. वर किनाऱ्यावर दुपारी खारे वारे जोरात असतात, त्यामुळे निम्मी फवारणी शेजाऱ्याच्या कुंपणावर. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे कामाला येतात. रात्रीचे मतलई वारे थांबलेले आणि दिवसाचे खारे वारे सुरू न झालेले, अशी पहाटेची जी पडलेली हवा असते तीच पाणी देण्याची वेळ.

लॉन ठेवायचंच असेल तर ते मी भावाला सांगितलं तसं ठेवा. वाटीभर गणित आहे. फवाऱ्याखाली ठिकठिकाणी पाच-सहा सरळ काठाच्या वाट्या ठेवा, पंधरा मिनिटं पाणी सोडा आणि वाट्यांत किती मिलिमीटर साठलं ते पट्टीनं बघा. भावाच्या लॉनवर एका वाटीत दोन मिलिमीटर निघालं आणि दुसरीत नऊ. कोरडा कोपरा हिरवा व्हावा म्हणून तो रोज पाऊण तास पाणी सोडत होता, आणि ओला कोपरा ते पाणी जमिनीत जिरवून टाकत होता. मुळापर्यंतच्या वाळूत पाणी मावतंच किती? मीटरभर खोलीला जेमतेम 5 ते 10 सेंटिमीटर, आणि लॉनची मुळं वीतभर. म्हणजे एक-दोन सेंटिमीटरच्या वर दिलेलं सगळं खाली गेलं. वाळूत शेणखत, पातेरा मुरवला तर हे मडकं थोडं मोठं होतं. गवत थोडं उंच ठेवलं तर मुळंही खोल जातात, जमिनीवर सावली पडते. दाढी केल्यासारखं कापायचं नाही.

आणि गवत कुठलं? त्यानं नर्सरीतून लॉनच्या चटया आणल्या होत्या. जगभरच्या गोल्फ मैदानांवर ज्याला बर्म्युडा ग्रास म्हणून डोक्यावर घेतात ती आपली हरळीच, गणपतीला वाहतो ती दूर्वा. देशावरचा शेतकरी तिच्या नावानं बोटं मोडतो, कारण ती पेरापेरातून फुटते आणि खणूनही मरत नाही. हाच तिचा गुण. पाणी तुटलं की पानं वाळवते आणि जमिनीखालच्या कांड्यांत जीव धरून बसते. पहिल्या वळवानं आठवड्यात हिरवी. एप्रिलमध्ये पिवळी पडलेली हरळी मेलेली नसते, ती झोपलेली असते. तिला झोपू द्यायला आपण तयार नसतो, एवढाच प्रश्न आहे. थेट पुळणीवर तर मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा शिंपणाशिवाय वाळू धरून उभ्या असतात.

हल्ली 'पाणी वाचवणारी बाग' म्हणून निवडुंग आणि घायपातांची चित्रं फिरतात, पांढऱ्या गोट्यांसकट. ती कल्पना 1981 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात झेरिस्केप या नावानं रुजली. डेन्व्हरला वर्षभर पाणी कमीच. कोकणात आधी बुडवणारा पाऊस आणि मग कोरडा ठाक काळ. ते निवडुंग जुलैत कुजतात. भावानं ओळीनं सहा लावले होते, श्रावणापर्यंत दोन उरले. इथे झाड हवं ते दोन्ही सोसणारं, म्हणजे उंडी, भेंड, सुरंगी, काजू.

जुन्या वाडीत याची उत्तरं तयारच होती, फक्त त्यांना नाव नव्हतं. न्हाणीचं पाणी मागच्या केळींना आणि अळवाला जायचं. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, खोलगट बाजू वर करून पुरायची. केरळातल्या कासरगोडची, माडासारख्या बागायती पिकांवरची केंद्रीय संशोधन संस्थाही आज हेच सांगते, आणि एकदा पुरलेली सोडणं पाच-सात वर्षं ओल धरतात. नव्या कलमाशेजारी मडकं पुरून भरून ठेवायचं. माती कोरडी झाली की ती मडक्याच्या भिंतीतून पाणी ओढते, ओली असली की ओढणं थांबतं. टायमर लागत नाही.

आणि ओटीसमोर हिरवळ नव्हती, खळं होतं. पावसात त्यात दोडकी-पडवळ चढायची, गवत माजायचं. पाऊस सरला की ते खणून, माती भिजवून, चोपण्यानं बडवून शेणानं सारवायचं, वर मांडव. भात वाळवायला, झोपायला, लग्नाला तीच जागा. एकच जमीन, चार महिने हिरवी आणि आठ महिने रोजच्या पाण्याशिवाय. मे महिन्यात मांडवाखाली बसलेल्याला लॉनची आठवण होत नाही, हे मी स्वतः बसून सांगतो.

गेल्या दिवाळीनंतर भावानं टायमर काढला. पुढचं अर्धं लॉन उकरलं आणि खळं करायला घेतलं. उरलेल्या अर्ध्यातली हरळी मार्चपासून पिवळी आहे. विहिरीचं पाणी अजून मचूळच आहे, त्याला दोन-तीन पावसाळे तरी द्यावे लागतील. चोपणं मात्र अख्ख्या वाडीत मिळेना. शेवटी पलीकडच्या काकांच्या माळ्यावर एक सापडलं. परत कधी आणून देऊ विचारलं तर काका म्हणाले, राहू दे, आमच्या खळ्यात आता लाद्या बसल्यात.