सोडियमचा अणू आणि सोडियमचा आयन: नाव एक, वागणं वेगळं

रक्त तपासणीच्या रिपोर्टात ‘सोडियम १४०’ असं छापलेलं असतं. ते वाचताना रॉकेलात बुडवून ठेवावा लागणारा, पाण्यात टाकला की पेटू शकणारा मऊ धातू कुणाला आठवत नाही. रॉकेलातल्या धातूत सोडियमचे अणू असतात, रक्तात सोडियमचे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून प्रभारित झालेले अणू. बोलताना मात्र आपण दोघांनाही नुसतं सोडियमच म्हणतो.

दोघांच्याही केंद्रकात ११ प्रोटॉन आहेत आणि मूलद्रव्य ठरतं ते प्रोटॉनवरून. अणूत इलेक्ट्रॉनही ११. आतून बाहेर कवचांतली मांडणी २, ८, १. आयनात ते १०. मांडणी २, ८. इथे हमखास गोंधळ होतो: काहीतरी गेलं, मग आयनावर (Na⁺) चिन्ह अधिकचं कसं? कारण जे गेलं ते ऋण होतं. ११ धन, १० ऋण, एक धन प्रभार उघडा पडला. प्रोटॉन बाहेरून आलेला नाही. इलेक्ट्रॉन निऑनइतके झाले म्हणून आयनाचा निऑनही होत नाही, कारण निऑनचे प्रोटॉन १०च.

‘अष्टक पूर्ण करायचं म्हणून सोडियम इलेक्ट्रॉन देऊन टाकतो’ हे वाक्य मला खटकतं (अष्टक म्हणजे बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन). वायुरूपातल्या सुट्या अणूंमधून हा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे (मोल म्हणजे अणूंची एक ठरावीक, प्रचंड संख्या) ४९६ किलोज्यूल ऊर्जा मोजावी लागते. राजीखुशीचा मामला नाहीच. तो इलेक्ट्रॉन क्लोरीनच्या अणूने घेतला की ३४९ परत मिळतात. म्हणजे अजून १४७चा तोटाच. तो भरून निघतो पुढे, दोन्ही आयन एकमेकांना खेचून स्फटिकात बसतात तेव्हा: साधारण ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. पाण्यात हेच काम आयनाभोवती गोळा होणारे पाण्याचे रेणू करतात.

मग दुसरा इलेक्ट्रॉन का जात नाही? तो आतल्या कवचातला. त्याची किंमत ४५६२ किलोज्यूल, म्हणजे पहिल्याच्या नऊपटीहून जास्त. एवढी भरपाई कुठलाही स्फटिक करत नाही. मॅग्नेशियमच्या बाहेरच्या कवचात दोन असतात, ते ७३८ आणि १४५१ मध्ये सुटतात, तिसऱ्याला ७७३३.

लोखंड मात्र अष्टकाला जुमानत नाही. त्याची मांडणी २, ८, १४, २. दोन गेले तर बाहेरच्या कवचात १४ उरतात, तीन गेले तर १३. यातलं एकही अष्टक नाही, तरी दोन्ही आयन सर्रास सापडतात; गंजातलं लोखंड तीन धन प्रभारांचं असतं.