फोटो लहान-मोठा करताना मधले ठिपके कोण ठरवतो?

बँक भरतीचा आयबीपीएसचा अर्ज भरताना फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी यांत बसवावा लागतो. सही १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी. भरतीच्या दिवसांत सायबर कॅफेवाल्याचा अर्धा वेळ याच कामात जातो. ‘फोटो रिसाइझ करून द्या’ असे आपण सहज म्हणतो, पण त्यात तीन वेगवेगळी मापे मिसळलेली असतात. चित्रात आडवे-उभे किती ठिपके (म्हणजे पिक्सेल) आहेत, कागदावर ते किती इंचांत छापायचे आहे, आणि फाइल किती जागा घेते. अर्ज नाकारला जातो तो बहुतेक वेळा या तिघांची गल्लत झाल्याने. फोटोशॉपच्या ‘इमेज साइज’ या चौकटीत ती तिन्ही शेजारी शेजारी दिसतात, त्यामुळे गोंधळ कमी व्हायचा तो वाढतोच. ही मापे तिथे वेगवेगळ्या काळांतून आणि वेगवेगळ्या धंद्यांतून येऊन बसली आहेत.

संगणकाआधी छापखान्यात हा प्रश्न भिंगाने सुटत असे. मूळ फोटो बोर्डावर लावायचा, प्रोसेस कॅमेऱ्याचे अंतर कमी-जास्त करायचे आणि हव्या त्या टक्केवारीची निगेटिव्ह काढायची. तिच्यावरून ब्लॉक तयार व्हायचा. ‘मधे काय भरायचे’ हे तिथे कुणाला ठरवावे लागत नव्हते, प्रकाश आपोआप पसरत किंवा आक्रसत होता. ठरवण्याची वेळ आली ती चित्राचे आकडे झाल्यावर.

ते झाले १९५७ साली. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल कर्श यांनी फिरत्या ड्रमचा एक स्कॅनर बनवून तो सीक नावाच्या संगणकाला जोडला आणि आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा, वॉल्डनचा, फोटो त्यात घातला. चित्र १७६ बाय १७६ ठिपक्यांचे, म्हणजे एकूण ३०,९७६. प्रत्येक ठिपका एक तर काळा, नाही तर पांढरा. करड्या छटा हव्या तर तोच फोटो प्रकाशाची मर्यादा बदलून पुन्हा पुन्हा स्कॅन करायचा आणि निकाल एकत्र करायचे. ठिपके चौकोनी घेतले, कारण ते सगळ्यात सोपे होते. पुढे म्हातारपणी कर्श यांना या चौकोनांची खंत वाटू लागली आणि वेगवेगळ्या आकारांच्या पिक्सेलांवर त्यांनी काम करून पाहिले. तोवर जगभरचे पडदे, कॅमेरे आणि फाइली चौकोनातच अडकल्या होत्या.

आकार बदलण्याचे खरे गणित मात्र फोटोग्राफरांनी लिहिले नाही. त्याची निकड भासली उपग्रहवाल्यांना. जुलै १९७२ मध्ये नासाने जो उपग्रह सोडला, त्याला पुढे लँडसॅट-१ हे नाव मिळाले. त्याचा स्कॅनर जमीन ओळीओळीने टिपत जाई आणि तेवढ्या वेळात खाली पृथ्वी फिरलेली असे. त्यामुळे चित्र तिरके सरकायचे. ते नकाशावर नेमके बसवायचे तर ठिपक्यांचे जुने जाळे उचलून नव्या जाळ्यात घालावे लागे, आणि नव्या जाळ्याचे बिंदू जुन्यांच्या अधेमधे पडत. तिथे आकडा कोणता लिहायचा? सगळ्यात जवळचा उचलला तर सरळ कालव्याला पायऱ्या पडतात. आजूबाजूच्यांची सरासरी काढली तर कालवाच पुसट होतो. टीआरडब्ल्यू या कंपनीच्या अभियंत्यांनी तिसरी वाट काढली: एका ओळीतले चार शेजारी घ्यायचे आणि त्यांना वक्राच्या सूत्राने कमी-जास्त वजन द्यायचे. दूरच्या शेजाऱ्यांचे वजन चक्क उणे. १९८१ मध्ये रॉबर्ट कीज यांनी शोधनिबंधात या सूत्राची नीट मांडणी केली आणि त्यातला एक स्थिरांक सुधारला. आज फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आकार बदलण्याच्या पद्धतींच्या यादीत ‘बायक्यूबिक’ दिसते ते याच घराण्यातले.

उणे वजनाने होते काय, हे एका ओळीत दिसते. ठिपक्याचा उजेड ० (काळा) ते २५५ (पांढरा) अशा आकड्यांत लिहितात. समजा चित्रात डावीकडे ५०, ५०, ५० असे गडद ठिपके आहेत आणि पुढे एकदम २००, २००, २०० असे उजळ. ही ओळ दुप्पट लांब करू. सगळ्यात जवळचा उचलणारी ‘निअरेस्ट नेबर’ पद्धत प्रत्येक आकडा दोनदा लिहिते आणि धार तशीच राहते. पिक्सेल आर्टला किंवा क्यूआर कोडला हीच पद्धत योग्य. सरासरी काढणारी ‘बायलिनिअर’ मधे ८८ आणि १६३ घालते, म्हणजे उतार तयार होतो. कीज यांच्या सूत्राने उतार तर येतोच, पण धारेच्या अलीकडे गडद बाजू ३९ पर्यंत खाली जाते आणि पलीकडे उजळ बाजू २११ च्या आसपास चढते. मूळ ओळीत हे दोन्ही आकडे कुठेच नाहीत. तरी डोळ्याला धार जास्त रेखीव वाटते ती त्यांच्यामुळेच, आणि प्रमाण जरा वाढले की केसांभोवती किंवा इमारतीच्या कडेला पांढुरकी रेघ दिसते तीही त्यांच्यामुळेच.

म्हणजे पुसटपणा हवा, पायऱ्या हव्यात की कडेची रेघ, यांतले एक दुखणे पत्करावेच लागते. किती पत्करावे याचा निवाडा केवळ गणिताने होईना, तेव्हा बेल लॅब्समधल्या डॉन मिचेल आणि अरुण नेत्रावळी यांनी १९८८ मध्ये सरळ माणसांना विचारले. जाणकारांना वेगवेगळ्या वजनांनी बनवलेली चित्रे दाखवली आणि कुठे पुसट वाटते, कुठे कंगोरे दिसतात, कुठे वलये उठतात हे सांगायला लावले. त्या उत्तरांतून त्यांनी वजने ठरवणाऱ्या सूत्रातल्या दोन्ही स्थिरांकांसाठी एक तृतीयांश ही किंमत सुचवली. नेत्रावळी १९६७ चे आयआयटी मुंबईचे पदवीधर. पुढे ते बेल लॅब्सचे अध्यक्ष झाले आणि २००१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. आपल्याकडे त्यांचे नाव निघते ते डिजिटल टीव्हीच्या संदर्भात. पण असंख्य सर्व्हरांवर गुपचूप फोटो लहान-मोठे करणाऱ्या इमेजमॅजिक या सॉफ्टवेअरमध्ये चित्र मोठे करताना वेगळे काही न सांगितल्यास ‘मिचेल’ हीच चाळणी (फिल्टर, म्हणजे वजनांचे सूत्र) वापरली जाते. नावात नेत्रावळी गळले, ही निबंधांच्या नामकरणातली नेहमीचीच रीत. लहान करताना बहुधा वापरतात ती ‘लँकझॉस’ ही चाळणी हंगेरीत जन्मलेल्या गणितज्ञाच्या नावाची आहे आणि ती लोकप्रिय होण्याआधी हवामानशास्त्रात वापरली गेली होती.

फोटोशॉप या गोष्टीत बरेच उशिरा येते. थॉमस नोल या मिशिगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने १९८७ मध्ये मॅकच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखवायचा प्रोग्राम लिहिला, सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्समध्ये काम करणाऱ्या त्याच्या भावाला, जॉनला, तो आवडला, आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबीने तो बाजारात आणला. तयार असलेले गणित त्यामुळे डीटीपीवाल्याच्या टेबलावर आले. २००३ च्या सीएस आवृत्तीत बायक्यूबिकचे ‘स्मूदर’ आणि ‘शार्पर’ असे दोन प्रकार निघाले, एक मोठे करायला, एक लहान करायला.

मॅकबरोबर आणखी एक गोष्ट आली आणि ती अजून मानगुटीवर बसलेली आहे: ७२ डीपीआय, म्हणजे इंचाला ७२ ठिपके. छपाईत एक पॉइंट म्हणजे साधारण इंचाचा बहात्तरावा भाग. १९८४ च्या मॅकिंटॉशचा पडदाही इंचाला ७२ ठिपक्यांचा ठेवला, म्हणजे पडद्यावरचा १२ पॉइंटचा टाइप कागदावर तेवढाच उतरावा. त्या यंत्रापुरती ही सोय अगदी चोख होती. पण त्यातून ‘वेबसाठी ७२, छपाईसाठी ३००’ असा मंत्र तयार झाला आणि शिकवणी वर्गांतून पाठ करून घेतला गेला. खरे तर ब्राउझर तो आकडा पाहतच नाही. ६०० पिक्सेल रुंदीचा फोटो ७२ ला ठेवा नाही तर ३०० ला, पडद्यावर तो तेवढाच दिसतो. ‘इमेज साइज’च्या चौकटीतली ‘रीसॅम्पल’ची (ठिपके नव्याने मोजण्याची) खूण काढून आकडा बदलला तर एकही ठिपका हलत नाही, बदलतो फक्त छापताना किती इंच हा हिशोब. कितीतरी ग्राहकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो ‘३०० करून दिलाय’ म्हणून फ्लेक्सवाल्याच्या गळ्यात मारला आहे, आणि वाढदिवसाच्या बॅनरवर साहेबांचा चेहरा चौकटी-चौकटींचा आला की बोलणी खातो तो फ्लेक्सवाला.

केबीचे माप १९९२ च्या जेपेग मानकाबरोबर रोजच्या वापरात आले. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे तुकडे करायचे, प्रत्येकाचे रूपांतर करायचे आणि डोळ्याला न जाणवणारा बारकावा टाकून द्यायचा. ते रूपांतर १९७४ मध्ये मूळचे बेंगळुरूचे नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी मांडले होते. याचा अर्थ असा, की २०० बाय २३० ठिपक्यांचा तोच फोटो १२ केबीचाही होऊ शकतो आणि ४५ केबीचाही. अर्जातली केबीची अट ‘क्वालिटी’च्या पट्टीवर सुटते, लांबी-रुंदीवर नव्हे.

लहान करणे हे मोठे करण्यापेक्षा सोपे, असा समज असतो. तो चुकीचा आहे. एकेका ठिपक्याचे काळे-पांढरे पट्टे असलेले चित्र निम्मे करताना एकाआड एक ठिपका उचलला तर सगळे काळे उरते किंवा सगळे पांढरे. बारीक चौकड्यांच्या शर्टावर उठणाऱ्या लाटा याच कारणाने येतात, म्हणून आधी थोडे पुसट करून मग ठिपके गाळावे लागतात. इथेच एक जुनी चूक बऱ्याच सॉफ्टवेअरांत मुरलेली आहे. काळा ० आणि पांढरा २५५ यांची सरासरी ते १२८ काढतात. पण फाइलमधला आकडा आणि पडद्याचा प्रकाश समप्रमाणात नसतात. १२८ म्हणजे पूर्ण प्रकाशाच्या जेमतेम २२ टक्के. अर्धा प्रकाश हवा तर १८८ च्या जवळचा आकडा यायला हवा. त्यामुळे रात्रीच्या रोषणाईचा फोटो लहान केला की दिवे मंदावतात. साध्या फोटोत हे कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणूनच चूक टिकली.

गेल्या काही वर्षांत मधले ठिपके शेजाऱ्यांवरून न काढता, लाखो इतर फोटो पाहून शिकलेल्या एआयच्या जाळ्याकडून (न्यूरल नेटवर्ककडून) भरले जाऊ लागले. अडोबीने मार्च २०२१ मध्ये कॅमेरा रॉ या आपल्या सॉफ्टवेअरमध्ये आणलेले ‘सुपर रिझोल्यूशन’ दोन्ही बाजू दुप्पट करते, म्हणजे चारपैकी तीन हिस्से ठिपके नवे. त्याच्या आदल्या वर्षी ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांच्या ‘पल्स’ या पद्धतीला कुणीतरी बराक ओबामांचा अगदी लहान केलेला चेहरा दिला, तर तिने गोऱ्या माणसाचा चेहरा काढून दिला. बायक्यूबिकने आजवर कडेला रेघा काढल्या होत्या. माणूस बदलला नव्हता.

नोव्हेंबर २०२१ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या केनोशाच्या न्यायालयात एका गोळीबार खटल्यात बचाव पक्षाने आक्षेप घेतला, की टॅबलेटवर दोन बोटांनी चित्र मोठे केले तर यंत्र नवे ठिपके घालते. तसे होत नाही हे सरकारी पक्षाने दाखवून द्यावे, असे न्यायाधीशांनी सांगितले, आणि ज्या तज्ज्ञाने चित्र मोठे केले होते त्याला ज्यूरीसमोर ठिपके कसे भरतात यावर साक्ष द्यावी लागली. मार्च २०२४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या किंग काउंटीच्या न्यायालयापुढे एआयने मोठा करून स्पष्ट केलेला मोबाइलचा व्हिडिओ आला. तिहेरी खुनाच्या त्या खटल्यात बचाव पक्षालाच तो दाखवायचा होता. न्यायाधीशांनी तो नाकारला. ज्यूरीने मूळचा, पुसट व्हिडिओच पाहावा असे ठरले.