लुटारू आणि फोडलेला ढिगारा : क्रोलंडच्या गुथलॅकमागची पार्श्वभूमी

क्रोलंडच्या बेटावर गुथलॅक राहायला आला तेव्हा तिथला मातीचा ढिगारा कुणीतरी आधीच फोडलेला होता. जुन्या काळचं ते दफनस्थान. आत धन पुरलेलं असेल या हावेने आलेल्यांनी त्याच्या कुशीत खड्डा खणला होता. हौदासारख्या त्या खड्ड्यावर झोपडी उभारून गुथलॅकने तिथेच घर केलं. साल ६९९, वय साधारण २६. त्याआधी तब्बल नऊ वर्षं त्याचा स्वतःचा धंदाही लुटीचाच होता, फक्त तो जिवंत माणसांना लुटत असे.

पूर्व इंग्लंडमधल्या फेन्सच्या दलदलीत त्याचं नाव आजही आहे, पण संत म्हणून. लुटारूचा संन्यासी कसा झाला हे समजून घ्यायचं तर त्या काळची लूट काय होती आणि ती दलदल काय होती, दोन्ही नीट बघावं लागतं.

आधी साधनांबद्दल. सगळ्यात जवळचा आधार म्हणजे फेलिक्स नावाच्या भिक्षूने लिहिलेलं लॅटिन चरित्र. ईस्ट अँग्लियाचा राजा एल्फवल्ड याच्या सांगण्यावरून ते साधारण ७३० ते ७४० या दशकात लिहिलं गेलं. गुथलॅकला प्रत्यक्ष ओळखणाऱ्यांकडून फेलिक्सने माहिती घेतली होती. क्रोलंडच्या मठाचा म्हणून पुढे जो इतिहास प्रसिद्ध झाला, त्यातली सुरुवातीच्या काळातली दानपत्रं मात्र बनावट आहेत. जमिनीवरचे हक्क शाबूत ठेवण्यासाठी मठाला जुने कागद हवे होते, म्हणून ते तयार केले गेले. ७१६ साली राजाने मठ बांधून दिला वगैरे ठाम विधानं त्यातूनच आलेली, तेव्हा ती वापरताना हात आखडता घ्यावा.

गुथलॅक मर्सिया या तेव्हाच्या इंग्लिश राज्याच्या राजघराण्याशी नातं सांगणाऱ्या कुळातला. पंधराव्या वर्षी त्याने टोळी जमवली, तीही वेगवेगळ्या जमातींतल्या तरुणांची. गावं, वाडे, गढ्या जाळायच्या, हाती लागेल ते घेऊन निघायचं. यामागे एक व्यवहार होता. टोळीतल्या माणसाला पगार नसे; नायक लुटीतून देईल तेच त्याचं. देणं थांबलं की माणसं दुसऱ्या नायकाकडे जात, म्हणून एक लूट संपायच्या आत दुसरी करावी लागे. त्या काळी सरदारपुत्राच्या बाबतीत याला पराक्रम म्हणत. ज्यांची कोठारं जळाली त्यांच्यासाठी तो दरोडाच होता, आणि आम्हीही तोच शब्द वापरतो.

फेलिक्स एक चमत्कारिक तपशील देतो : गुथलॅक लुटीचा तिसरा हिस्सा मूळ मालकांना परत करत असे. मराठी वाचकाला इथे वाल्या कोळी आठवणारच. पण वाल्याने घरच्यांना विचारलं, माझ्या पापात वाटेकरी होता का. गुथलॅकने तसं कुणालाच विचारलं नाही. तो स्वतःच हिशेब करत होता आणि तो जुळत नव्हता. एक तृतीयांश परत केलं तरी दोन तृतीयांश उरतंच. चोविसाव्या वर्षी एका रात्री पडल्या पडल्या त्याच्या मनात आपल्याच कुळातल्या जुन्या राजांचे वाईट शेवट येत राहिले. सकाळी त्याने साथीदारांना सांगितलं, दुसरा नायक बघा.

तिथून तो थेट रेप्टनच्या मठात गेला. स्त्रिया आणि पुरुष दोघेही असलेल्या या मठाची प्रमुख एल्फथ्रिथ ही स्त्री होती. गुथलॅकने मुंडन केलं, स्तोत्रं पाठ केली आणि दारू पूर्ण सोडली. या शेवटच्या गोष्टीने मठातले बंधू त्याच्यावर चिडले, कारण एकाने पेला बाजूला सारला की बाकीच्यांचे पेले डोळ्यांवर येतात. दोन वर्षांनी त्याने एकांताची वाट धरली. टॅटवाइन नावाच्या स्थानिक माणसाने त्याला कोळ्याच्या छोट्या होडीतून दलदलीतलं एक बेट दाखवलं. अनेकांनी तिथे राहून पाहिलं होतं, भुतांच्या भीतीने कुणी टिकलं नव्हतं. गुथलॅक एकदा रेप्टनला जाऊन निरोप घेऊन आला आणि ऑगस्टमध्ये, संत बार्थोलोम्यूच्या सणाला, दोन मुलांना सोबत घेऊन कायमचा उतरला.

फेन्स म्हणजे केंब्रिजपासून उत्तरेला समुद्रापर्यंत गेलेला जवळपास ४,००० चौरस किलोमीटरचा सखल पट्टा. वेलंड, नेन, ऊझ या नद्या इथे येऊन मंदावतात, फाटे फुटतात. मध्येच काळं पाणी, मध्येच चिखल, मध्येच झाडी असलेले उंचवटे. हा प्रदेश मर्सिया आणि ईस्ट अँग्लिया या राज्यांच्या सीमेवर होता. घोडेस्वार आत येऊ शकत नाही आणि वाट फक्त होडीवाल्याला ठाऊक, म्हणून ज्याला राजापासून लपायचं त्याला याहून बरी जागा नाही. क्रोलंड खरं तर वाळूखड्याच्या उंचवट्याचं पाण्यात घुसलेलं टोक आहे. भोवती काही फूट पाणी चढलं की ते बेटच.

ही जागा निर्मनुष्य होती असं समजणं चूक. दलदल म्हणजे तिथल्या माणसांची शेती होती. मुख्य पीक वाम मासा. वाळुंजाच्या फांद्यांची लांबट, बाटलीच्या आकाराची टोपली विणायची, आत निमुळतं नरसाळं, ज्यातून वाम आत शिरते पण परत फिरू शकत नाही, आमिष गांडुळांचं, मागच्या टोकाला लाकडी बूच. संध्याकाळी तळाशी सोडायची, सकाळी बूच काढून रिकामी करायची. विणीत बोटभर फट राहिली तरी मासा निसटतो. पुढच्या शतकांत इथले जमिनीचे खंड वामांतच मोजले जात, २५ वामांची एक ‘काठी’ असा हिशेब. ईली या गावाचं नावच वामांवरून पडलं, असं बीड या भिक्षू-इतिहासकाराने ७३१ साली लिहून ठेवलंय.

छपराला देवनळ, म्हणजे पाण्यात वाढणारं बोरूसारखं उंच गवत. तो हिवाळ्यात, पानं झडल्यावर कापायचा. हिरवा कापला तर छपरात कुजतो. पण देवनळ ताठ असतो, आढ्यावर वाकत नाही. तिथे करवती कडांचा लव्हाळा लागतो, आणि तो त्याच जागी दरवर्षी कापला तर मरतो. तीन-चार वर्षांनी एकदाच पुरेसा वाढतो. जळणाला पीट, म्हणजे पाण्याखाली पूर्ण न कुजता साचलेल्या वनस्पतींचा थर. त्याच्या विटा उन्हाळ्याच्या तोंडाशी कापून हवेशीर रचतात. ताज्या पीटमध्ये बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे पावसात सापडलेली वीट नुसती धुमसते.

गुथलॅकने या सगळ्यातलं फारच थोडं घेतलं. अंगावर लोकर नाही, तागाचं कापड नाही, फक्त कातडी. दिवसातून एकदा, सूर्य बुडाल्यावर, जवाच्या भाकरीचा तुकडा आणि पेलाभर गढूळ पाणी.

मग भुतं आली. फेलिक्सचं वर्णन अंगावर काटा आणतं : मोठी डोकी, लांब माना, पिवळे चेहरे, घोड्यासारखे दात. त्यांनी त्याला बांधून काळ्या चिखलात बुचकळलं, काटेरी झुडपांतून फरफटत नेलं. एकदा ती भुतं ब्रिटन लोकांच्या, म्हणजे इंग्रजांच्या आधीपासून त्या बेटावर राहणाऱ्यांच्या, भाषेत बोलली आणि त्याला ती समजली, कारण पूर्वी तो त्या लोकांत परागंदा होऊन राहिला होता. ज्यांच्या मुलखात लपला, त्यांचीच भाषा रात्री ऐकू यावी, हे आम्हाला चरित्रातलं सगळ्यात खरं पान वाटतं. शरीराचाही यात वाटा असणार. या दलदलीत दिवसाआड येणारा हिवताप एकोणिसाव्या शतकापर्यंत होता : आधी हुडहुडी, मग फणफणता ताप, मग घाम, आणि ४८ तासांनी पुन्हा तेच. खसखशीच्या बोंडांचा काढा तिथे घरोघरी त्यासाठीच व्हायचा. गुथलॅकच्या काळातल्या हाडांच्या एका अभ्यासात, २०१२ साली, पाणथळ भागातल्या कवट्यांत डोळ्यांच्या खोबणीवरची बारीक छिद्रं जास्त प्रमाणात आढळली. रक्तक्षयाची ती खूण मलेरियाशी जोडली गेली. अर्धपोटी, ओल्या खड्ड्यात राहणाऱ्या माणसाचा ताप किती चढत असेल याची कल्पना करावी.

एकांत फार दिवस टिकला नाही. सेवेला बेक्केल आला. दर वीस दिवसांनी गुथलॅकची हजामत करायचं काम त्याच्याकडे. एकदा वस्तरा हातात असताना त्याच्या मनात आलं, हा गळा कापला तर ही जागा आणि हा मान आपला. गुथलॅकने तो विचार ओळखला, नाव घेऊन हाक मारली आणि हे विष थुंकून टाक म्हणाला. बेक्केल पाया पडला. त्याला हाकललं नाही. लुटीचा विचार मनात कसा शिरतो हे ज्याला आतून माहीत होतं, तोच असं करू शकला. मर्सियाचा राजा सेओलरेड याच्या भीतीने पळालेला, त्याच राजघराण्यातला एथेलबॉल्डही याच बेटावर येत असे; गुथलॅकने त्याला धीर दिला आणि ७१६ मध्ये तो मर्सियाचा राजा झाला. पाखरांचीही गोष्ट आहे. पाहुण्याने लिहिलेला चर्मपत्राचा ताव पक्ष्याने पळवला. गुथलॅकने पाहुण्याला होडी घेऊन देवनळांमधल्या डबक्यात बघायला सांगितलं. ताव एका नळावर अडकलेला मिळाला, न भिजता.

७१४ च्या ईस्टरआधीच्या बुधवारी तो आजारी पडला आणि पुढच्या बुधवारी, ११ एप्रिलला गेला. वर्षभराने थडगं उघडलं तेव्हा देह जसाच्या तसा होता, असं फेलिक्स सांगतो. तिथूनच यात्रा सुरू झाली.

नंतरच्या हजार वर्षांत पाणी हटवलं गेलं. सतराव्या शतकात मोठे कालवे खणले, आणि तिथेच गफलत झाली. पाणी गेलं की पीट आधी आकसतं, मग हवा लागून कुजतं, कोरडं झालं की वाऱ्याने उडतं. जमीन खचते, कालवा वर राहतो, पाणी आपोआप वाहत नाही. मग पवनचक्क्या, मग वाफेचे पंप, मग डिझेल आणि वीज. क्रोलंडच्या दक्षिणेला होम नावाच्या गावी १८५१ च्या सुमारास जमिनीत टोकापर्यंत पुरलेला लोखंडी खांब आज सुमारे चार मीटर वर आलाय. खारबंदिस्तीची शेती पाहिलेल्या कोकणी माणसाला ही पाण्याशी चाललेली ओढाताण लगेच कळेल.

क्रोलंडजवळच्या ‘अँकर चर्च फील्ड’ या शेताच्या नावातला ‘अँकर’ बहुधा एकांतवासी साधूसाठीचाच जुना शब्द. २०२१ मध्ये तिथे उत्खनन झालं. खाली निघालं हजारो वर्षांपूर्वीचं मोठं वर्तुळाकार स्मारक, त्यावर गुथलॅकच्या काळाच्या आसपासची वस्ती, आणि सगळ्यांत वर बाराव्या शतकात मठाधिपतींनी उभारलेल्या इमारतींचे पाये. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नांगरटीने वरचे थर खरवडले गेले होते.

गावात चौदाव्या शतकातला तीन पायांचा दगडी पूल आहे. त्याखालचे वेलंडचे प्रवाह वळवले गेले, आता तो कोरड्या रस्त्यावर उभा आहे. गुथलॅक गेला त्या दिवशी बेक्केल होडी घेऊन निघाला होता, गुथलॅकच्या बहिणीला, पेगाला आणायला. ती जिथे राहायची त्या गावाला तिच्याच नावावरून पीकर्क म्हणतात. क्रोलंडपासून ते अंतर दहा किलोमीटरच्या आत आहे आणि वाटेत आज शेतं लागतात.