स्टँड अँड डिलिव्हर (चित्रपट)

स्टँड अँड डिलिव्हर हा १९८८ साली आलेला अमेरिकन चित्रपट. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये गणित शिकवणारे जेमी एस्कलांटे आणि त्यांची पोरं यांची ही खरी घडलेली गोष्ट आहे. दिग्दर्शन रामोन मेनेंडेझ यांचं, पटकथा मेनेंडेझ आणि टॉम मस्का या दोघांची, आणि एस्कलांटे सरांचं काम केलंय एडवर्ड जेम्स ओल्मोस यांनी, ज्यासाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. पिक्चर कमी पैशात बनलेला, त्यात मोठी गाणी नाहीत, मारामारी जवळजवळ नाही, अर्ध्याहून जास्त वेळ फळा आणि बाकंच दिसतात, तरी शेवटच्या अर्ध्या तासात माणूस जागेवरून हलत नाही.

शाळा कशी होती ते आधी सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. गारफिल्डमधली बहुतेक मुलं मेक्सिकन वंशाच्या कामगार घरांतली, घरात स्पॅनिश, बाहेर टोळ्या, आणि शाळेचा दर्जा इतका घसरलेला की मान्यताच जायची वेळ आली होती. एस्कलांटे मूळचे बोलिव्हियाचे, १९३० साली ला पाझला जन्म, तिकडे बरीच वर्षं गणित आणि फिजिक्स शिकवलेलं. साठच्या दशकात अमेरिकेत आले तेव्हा त्यांची डिग्री तिकडे चालेना, इंग्रजी येईना. मग हॉटेलात पडेल ते काम, नंतर इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत नोकरी, रात्री कॉलेज, असं करत करत परत सगळं शिक्षण घेतलं आणि १९७४ ला गारफिल्डमध्ये रुजू झाले. हातातली चांगली नोकरी सोडून पुन्हा वर्गात उभं राहायचं म्हणून आलेला हा माणूस आहे, हे लक्षात ठेवून पिक्चर बघावा.

चित्रपटात सर येतात ते कॉम्प्युटर शिकवायला, आणि शाळेत कॉम्प्युटरच नसतात. मग हातात पडतो साध्या गणिताचा वर्ग. पोरं टारगट, कोणी ऐकत नाही, बेल वाजली की सगळे पळतात. दुसऱ्या वेळी सर वर्गात येतात ते आचाऱ्याची टोपी आणि एप्रन घालून, हातात सुरी, आणि सफरचंदं कापून टक्केवारी शिकवायला लागतात.

त्याच सुरुवातीच्या भागात खड्ड्याचा प्रसंग आहे. सर विचारतात, समुद्रावर गेलायस का कधी, वाळूत खड्डा केलायस का? वर काढलेली वाळू म्हणजे अधिक, खाली राहिलेला खड्डा म्हणजे उणे. मग उणे दोन अधिक दोन किती? खड्डा बुजव फक्त. आणि उत्तर येतं, शून्य. लगेच सर सांगतात की शून्याची कल्पना ग्रीकांना सुचली नव्हती, रोमनांना सुचली नव्हती, तुमच्या पूर्वजांना, माया लोकांना सुचली होती, गणित तुमच्या रक्तात आहे. आपण मराठी माणसं शून्य म्हटलं की भारताचं नाव घेतो आणि ते बरोबरच आहे, पण माया लोकांनीही ते स्वतंत्रपणे शोधलं होतं, आणि ज्या पोरांना आयुष्यभर तुम्हाला काही येत नाही एवढंच ऐकवलंय त्यांना ही गोष्ट वर्गात पहिल्यांदा कळते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघण्यासारखं आहे.

नऊच्या पाढ्याची बोटांची युक्तीही यात आहे. दोन्ही हात समोर धरायचे, नऊ त्रिक काढायचं तर डावीकडून तिसरं बोट दुमडायचं, त्याच्या डाव्या बाजूला दोन बोटं उरली, उजव्या बाजूला सात, झाले सत्तावीस. आपल्याकडेही पाढे पाठ न होणाऱ्या मुलांना हे शिकवतात, त्यामुळे तो सीन बघताना एकदम घरातलं वाटतं.

सरांचा एक शब्द सारखा येतो, गानास. स्पॅनिश शब्द आहे, अर्थ मनापासूनची इच्छा, आतून आलेली ओढ. बाकी काही नको, गानास घेऊन या, असं ते म्हणतात. पण नुसत्या इच्छेवर त्यांनी सोडलेलं नाही हे महत्त्वाचं. पालकांच्या सह्या घेतलेला करारनामा, शाळेच्या आधी वर्ग, शनिवारी वर्ग, उन्हाळ्याच्या सुट्टीत वर्ग, आणि ध्येय काय तर एपी कॅल्क्युलस, म्हणजे बारावीच्या वयात कॉलेजच्या पातळीची परीक्षा, जी पास झाली तर बऱ्याच कॉलेजांत पुढे त्याचं क्रेडिट मिळतं. शाळेतल्याच काही शिक्षकांना हे पटत नाही, ही मुलं नापास झाली तर उरलासुरला आत्मविश्वासही जाईल असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणाऱ्या बाई वाईट नाहीत, पिक्चरने त्यांना खलनायिका केलेलं नाही, आणि मला ते फार आवडतं, कारण मुलांना सांभाळून घ्यायच्या नावाखाली त्यांच्याकडून काही मागायचंच नाही ही सवय चांगल्या माणसांनाही लागते.

विद्यार्थ्यांत सगळ्यात लक्षात राहतो एंजेल, लू डायमंड फिलिप्सने केलेला. टोळीतला पोरगा, केसांना जाळी लावलेली. त्याला अभ्यास करायचाय पण पुस्तकं हातात घेऊन रस्त्यावरून जायची लाज वाटते, म्हणजे मित्रांनी बघितलं तर संपलंच. म्हणून तो सरांकडे पुस्तकांचे जादा संच मागतो, एक वर्गात, एक लॉकरमध्ये, एक घरी, म्हणजे ने-आण करायला नको. आणि सर देतात. भाषण नाही, लाज कसली वाटते वगैरे काही नाही. पुढे हाच एंजेल एकदा आजारी आजीमुळे उशिरा येतो तेव्हा सर त्याला वर्गाबाहेर काढतात, आणि तो नाताळला त्या आजीलाच घेऊन सरांच्या घरी येतो. दुसरी ॲना, हुशार पोरगी, बापाचं रेस्टॉरंट आहे आणि बापाला ती तिथेच हवी आहे. सर तिच्या बापाला समजवायला रेस्टॉरंटमध्ये जातात, तिथे बोलणं चांगलंच तापतं.

आता मुख्य गोष्ट. १९८२ साली गारफिल्डची १८ मुलं कॅल्क्युलसच्या परीक्षेला बसली आणि १८ च्या १८ पास झाली. त्यानंतर परीक्षा घेणाऱ्या संस्थेने, एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसने, त्यातल्या १४ जणांवर संशय घेतला, कारण पेपरांत सारख्या चुका सापडल्या होत्या. त्यांच्यासमोर पर्याय ठेवला पुन्हा परीक्षेचा, आणि १२ जण उन्हाळ्यात पुन्हा बसले. नवीन पेपर, कडक पहारा. बाराही पुन्हा पास झाले. चित्रपटात सगळेच पुन्हा बसतात आणि तयारीला जेमतेम एक दिवस मिळतो, तेवढा बदल केलाय. संस्थेची माणसं (त्यातल्या एकाचं काम अभिनेता अँडी गार्सियाने केलंय) आणि सर समोरासमोर येतात तो प्रसंग पिक्चरचा कळस आहे. सरांचा मुद्दा एवढाच की या मुलांची आडनावं स्पॅनिश नसती आणि शाळा दुसऱ्या वस्तीतली असती तर कोणी हे विचारलंच नसतं. एकदा मेहनतीने मिळवलेली गोष्ट परत मिळवून दाखवा असं म्हणणं सतरा वर्षांच्या पोराच्या मनाला काय करतं, ते इथे दिसतं, आणि खरं सांगायचं तर पास झाल्याच्या आनंदापेक्षा हा अपमानच जास्त दिवस डोक्यात राहतो.

चित्रपटाने एक मोठी गोष्ट मात्र आवळून टाकली आहे आणि ती माहीत असायला हवी. पिक्चर बघून वाटतं की बेरीज-वजाबाकीवाली पोरं दोन वर्षांत कॅल्क्युलसला पोचली. तसं नव्हतं. एस्कलांटे यांचा पहिला कॅल्क्युलस वर्ग सुरू झाला तेव्हा शेवटपर्यंत पाचच मुलं टिकली आणि त्यातली दोन पास झाली. पुढच्या वर्षी ९ पैकी ७, मग १९८१ ला १५ पैकी १४, आणि मग ते १८. म्हणजे रुजू झाल्यापासून आठ वर्षं. त्यात बेन हिमेनेझसारखे सोबतचे गणित शिक्षक होते, पाठीशी उभे राहणारे मुख्याध्यापक हेन्री ग्राडियास होते, खालच्या वर्गांचं गणित सुधारलं, ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजात सुट्टीतले वर्ग चालले. पडद्यावर एकटे सर दिसतात, प्रत्यक्षात अख्खी साखळी होती. जे शिक्षक हा पिक्चर बघून दोन महिन्यांत निकाल का येत नाही म्हणून खचतात, त्यांनी ही आठ वर्षं आधी वाचावीत. वर्गातली मुलंही जशीच्या तशी खरी नाहीत, पात्रं रचलेली आहेत.

ओल्मोस यांनी या कामासाठी वजन वाढवलं, केस विरळ करून घेतले, खऱ्या एस्कलांटेंसोबत राहून त्यांचं चालणं-बोलणं उचललं. पत्नी फाबिओलाचं काम रोझाना डिसोटो यांनी केलंय. इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटासह बरेच पुरस्कार मिळाले, आणि २०११ ला अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतन करण्यासाठी त्याची निवड झाली.

एस्कलांटे यांनी १९९१ ला गारफिल्ड सोडलं आणि पुढे सॅक्रामेंटोला शिकवलं. पुढे त्यांना कर्करोग झाला आणि उपचारांचा खर्च झेपेना, तेव्हा त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी आणि ओल्मोस यांच्यासह पिक्चरमधल्या कलाकारांनी मिळून पैसे गोळा केले. ३० मार्च २०१० ला ते गेले. लोकांनी त्यांचं अंत्यदर्शन घेतलं ते गारफिल्ड हायस्कूलच्याच एका वर्गात.