मनी बिलाचं भांडण २०१६ चं नाही

बिल संसदेत येतं, वाचनं होतात, एक सभागृह, दुसरं सभागृह, मग राष्ट्रपतींची सही, एवढं नागरिकशास्त्रात सगळ्यांचं झालेलं असतं म्हणून ते परत सांगत बसत नाही. ज्यावर गेली काही वर्षं, विशेषतः २०१६ ला आधारचं बिल मनी बिल म्हणून आल्यापासून, डोकी फुटतायत ती गोष्ट वेगळी आहे, आणि २०१६ पेक्षा बरीच जुनी आहे. एखाद्या बिलाला मनी बिल, म्हणजे धन विधेयक, असा शिक्का बसला की राज्यसभेच्या हातात जवळपास काहीच उरत नाही. १४ दिवस मिळतात, त्यात शिफारशी करता येतात, लोकसभेने त्या उचलून कचऱ्यात टाकल्या तरी चालतात, आणि १४ दिवसांत बिल परत केलं नाही तर ते दोन्हीकडे पास झालं असंच धरतात. राष्ट्रपतीसुद्धा असं बिल फेरविचाराला परत पाठवू शकत नाहीत. शिक्का मारणार कोण, तर लोकसभेचे अध्यक्ष, आणि कलम ११० मध्ये लिहिलंय की त्यांचा निर्णय अंतिम.

हे "अंतिम" आलं इंग्लंडमधून. १९०९ साली तिथल्या उमरावांच्या सभागृहाने जमिनीवरच्या नव्या करांवरून अख्खं बजेट फेटाळलं, १९१० मध्ये दोनदा निवडणुका झाल्या, आणि १९११ च्या कायद्याने उमरावांचे पंख छाटले गेले. पैशाच्या बिलावर एक महिना, पुढे तुमच्याशिवाय. सर्टिफिकेट स्पीकरचं, आणि त्याला कुठल्याही कोर्टात आव्हान देता येणार नाही असं स्पष्ट लिहून ठेवलं. आपल्याकडे ही कोर्टाची ओळ घेतलीच नाही, फक्त "अंतिम" घेतलं. ही गाळलेली ओळ लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच सगळं येतं. आणखी एक फरक म्हणजे तिकडचा स्पीकर निवडून आला की पक्ष सोडतो, आणि तिकडे कित्येक फायनान्स बिलांनासुद्धा स्पीकरने हे सर्टिफिकेट दिलेलं नाही, कारण आत कराशिवाय दुसरंही काही होतं.

ब्रिटिशांच्या काळातल्या आपल्या केंद्रीय कायदेमंडळात, १९२१ पासून, दोन सभागृहं होती पण खरा व्हेटो व्हाइसरॉयचा. १९२३ ला मिठावरचा कर दुप्पट करायला असेंब्लीने नकार दिला तर व्हाइसरॉयने स्वतःच्या अधिकारात सर्टिफाय करून तो लावलाच. म्हणजे "सर्टिफिकेट" हा प्रकार आपल्याकडे जन्मला तोच लोकप्रतिनिधींच्या डोक्यावरून जायला. घटना लिहिताना ते उलटं करायचं होतं, जनतेने थेट निवडलेल्या सभागृहाचा पैशावर शेवटचा शब्द असावा, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं.

आता घटना समितीत काय झालं ते बघा कारण सगळं भांडण एका शब्दावर आहे. कलम ११० म्हणतं की करआकारणी, सरकारचं कर्ज, संचित निधीत, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीत, पैसे भरणं किंवा काढणं वगैरे ठराविक विषय आणि त्यांना आनुषंगिक गोष्टी, "फक्त" एवढंच ज्या बिलात असेल ते मनी बिल. मसुद्यात हे कलम ९० होतं. १९४९ मध्ये एका सदस्याने दुरुस्ती मांडली की हा "फक्त" काढून टाका, नाहीतर करासोबत दुसरी एखादी किरकोळ तरतूद आली तरी बिल मनी बिल राहणार नाही. दुरुस्ती मान्य झाली नाही. "फक्त" राहिला. म्हणजे कुणाच्या नजरेतून सुटलेला हा शब्द नव्हता, काढायचा का असं विचारलं गेलं आणि नको असं ठरलं. पुढे ज्यांनी ज्यांनी "मुख्य हेतू पैशाचा असला की पुरे" असा युक्तिवाद केला त्यांना हे एवढंच दाखवायला हवं, निदान मला तरी तसं वाटतं.

आणि पहिली चकमक लगेच, १९५३ ला. इन्कम टॅक्स दुरुस्तीचं बिल होतं. राज्यसभेत कुणीतरी विचारलं की याला मनी बिल म्हणताना अध्यक्षांनी नीट विचार केला होता का, आणि तेव्हाचे कायदामंत्री, जे राज्यसभेतले सभागृह नेतेही होते, तेही त्याच सुरात बोलून गेले. झालं, लोकसभा भडकली, मंत्र्यांनी इकडे येऊन खुलासा करावा अशी मागणी, तर राज्यसभेने ठराव केला की आमचे नेते तिकडे अजिबात जाणार नाहीत. दोन्ही सभागृहं नवीन, एकाच पक्षाचं दोन्हीकडे प्रचंड बहुमत, तरी हा मानापमान. शेवटी मे महिन्यात पंतप्रधानांनी मध्ये पडून सांगितलं की अध्यक्षांचा अधिकार अंतिम आहे आणि दोन्ही सभागृहं मिळून संसद आहे, आणि प्रकरण मिटलं. तेव्हाचे अध्यक्ष मावळणकर म्हणजे मूळ घराणं कोकणातलं संगमेश्वरकडचं, वकिली अहमदाबादेत, आणि आधी मुंबई असेंब्लीचं अध्यक्षपद सांभाळून आलेले. त्यांच्याविषयी आदर इतका होता की "अंतिम" या शब्दाची परीक्षा घ्यायची वेळच आली नाही. पण माणसाकडे बघून नियम चांगला ठरवला की पुढे त्रास होतो.

नंतर बरीच वर्षं शांतता होती आणि त्याचं कारण तत्त्वाबित्त्वाचं नव्हतं, दोन्ही सभागृहांत सरकारचे आकडे जुळत होते एवढंच. जिथे जुळले नाहीत तिथे राज्यसभेने दात दाखवलेत. १९७० ला संस्थानिकांचे तनखे बंद करायची घटनादुरुस्ती तिथे दोन तृतीयांशाला एका मताहूनही कमी फरकाने पडली. १९७८ ला ४४ व्या दुरुस्तीतली पाच कलमं राज्यसभेने काढून टाकली आणि सरकारला ते गिळावं लागलं. १९८९ ला पंचायती आणि नगरपालिकांच्या दुरुस्त्या तिथेच अडल्या. २००२ ला दहशतवादविरोधी कायद्याचं बिल राज्यसभेने ९८ विरुद्ध ११३ ने फेटाळलं, मग संयुक्त बैठक बोलावून पास केलं. संयुक्त बैठक ही अशी तिसरी, आधीच्या दोन १९६१ आणि १९७८ च्या. सांगायचा मुद्दा हा की घटनादुरुस्ती सोडून साधं बिल अडल्यावर काय करायचं याची वाट घटनेत दिलेली आहे, ती लांबची आहे, दुसऱ्या सभागृहाने बिल फेटाळायला लागतं, दुरुस्त्यांवर दोघांचं शेवटपर्यंत जुळू नये लागतं किंवा सहा महिन्यांहून जास्त लटकवायला लागतं, पण आहे.

मधल्या काळात एक चांगली गोष्ट झाली होती ती म्हणजे १९९३ पासूनच्या विभागवार स्थायी समित्या, दोन्ही सभागृहांचे खासदार एकत्र बसून बिल कलमाकलमाने तपासणार, कॅमेरे नाहीत त्यामुळे पक्षाचा पवित्रा घेऊन ओरडायचं कारण नाही. १५ व्या लोकसभेत साधारण दहापैकी सात बिलं समितीकडे गेली, १६ व्या लोकसभेत हे प्रमाण पाव भागाच्या आसपास आलं आणि १७ व्या लोकसभेत त्याहूनही खाली. मनी बिलाचा प्रश्न या घसरणीपासून वेगळा काढून बघता येत नाही.

शब्दांचा घोळ इथेच निपटून टाकू. फायनान्स बिल म्हणजे बजेटसोबत येणारं, करांचं. ते बहुतेक वेळा मनी बिल असतं. आणि फायनान्शियल बिल म्हणजे कलम ११७ वालं, ज्यात पैशाची बाब आहे पण दुसरंही बरंच आहे. ते मांडायचं लोकसभेतच, राष्ट्रपतींच्या शिफारशीने, पण राज्यसभेला त्यात दुरुस्तीचा आणि ते पाडायचाही पूर्ण अधिकार. म्हणजे घटनाकारांनी "पैसा प्लस इतर" यासाठी वेगळा खण करूनच ठेवला होता. मग तो सोडून सगळं पहिल्या खणात का कोंबायचं हा प्रश्न आहे.

आता आधार. पहिला आधार नंबर २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला दिला गेला, तेव्हा त्यामागे संसदेचा कायदा नव्हता, २००९ ची एक सरकारी अधिसूचना होती फक्त. कायद्याचं पहिलं बिल डिसेंबर २०१० मध्ये आलं आणि ते मांडलं होतं चक्क राज्यसभेत, जिथे मनी बिल मांडताच येत नाही. स्थायी समितीने २०११ च्या शेवटी ते नापसंत करून परत विचार करा म्हणून सांगितलं, तेव्हाच्या सरकारने ते पुढे पास करून घेतलं नाही, आणि नंबर वाटप कायद्याविना चालूच राहिलं. त्यामुळे आज जे पक्ष घटनेच्या नावाने गळा काढतात त्यांनी कोट्यवधी लोकांचे बोटांचे ठसे कुठल्या अधिकारात घेतले हेही विचारायला पाहिजे.

२०१४ नंतर चित्र बदललं, लोकसभेत स्पष्ट बहुमत आणि राज्यसभेत अल्पमत. जमीन अधिग्रहणाची दुरुस्ती तिकडे पार होईना, तीन वेळा वटहुकूम काढला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तो विषय सोडून द्यावा लागला. तो चटका ताजा असताना मार्च २०१६ मध्ये आधारचं नवं बिल आलं, यावेळी लोकसभेत आणि मनी बिल म्हणून. आत काय नवीन होतं, तर कलम ७, संचित निधीतून जी सबसिडी किंवा लाभ मिळतो त्यासाठी आधार मागता येईल. या एका खुंटीवर सगळं बिल टांगलं. पण त्याच बिलात कलम ५७ होतं ज्यात खासगी कंपन्यांनाही ओळख पटवायला आधार वापरायची मुभा होती, माहिती कुणाला कधी द्यायची हे होतं, प्राधिकरण होतं, शिक्षा होत्या. मोबाईलचं सिम घेताना अंगठा द्यायचा यात संचित निधी कुठे येतो?

११ मार्चला लोकसभेत पास झालं. १६ मार्चला राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवल्या, नको असेल त्याला बाहेर पडता यावं, "राष्ट्रीय सुरक्षा" या मोघम कारणाऐवजी नेमकी भाषा असावी, कलम ५७ काढा, असं सगळं. त्याच संध्याकाळी लोकसभेने पाचही फेटाळल्या, एका दिवसात विषय संपला. राज्यसभा सभागृह म्हणून इतकी निरुपयोगी क्वचितच दिसली असेल आणि गंमत म्हणजे त्यातलं कलम ५७ चं दुखणं अडीच वर्षांनी कोर्टालाही मान्य करायला लागलं.

तोवर ही वाट रुळली होती. २०१६ च्या फायनान्स ॲक्टमध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात मागील तारखेपासून बदल, तोही २०१० पासून, आणि २०१८ च्या फायनान्स ॲक्टमध्ये तेच आणखी मागे, १९७६ पर्यंत. २०१७ चं फायनान्स बिल तर कहर होता, शेवटच्या टप्प्यात सरकारी दुरुस्त्या घुसवून ४० च्या आसपास कायदे एका फटक्यात बदलले, न्यायाधिकरणं, म्हणजे ठराविक विषयांची कोर्टासारखी मंडळं, मोडली, जोडली, त्यांच्या सदस्यांच्या नेमणुकीचे नियम सरकारच्या हातात, इलेक्टोरल बाँडची, म्हणजे पक्षांना नाव उघड न करता देणगी द्यायच्या रोख्यांची, तरतूदही त्याच बिलातून. वाण्याच्या बिलात उधारी मिसळावी तसं. राज्यसभेने तेव्हाही पाच शिफारशी केल्या, तेव्हाही लोकसभेने पाचही नाकारल्या. आणि २०१८ ला तर लोकसभेतच गोंधळात अर्ध्या तासाच्या आसपास अख्खं बजेट चर्चेविना उरकलं, तेव्हा राज्यसभेचं काय घेऊन बसलात.

कोर्टात आधी काय होतं, तर २०१४ मध्ये उत्तर प्रदेशच्या विधानसभेत मनी बिल म्हणून नेलेल्या लोकायुक्त कायद्याच्या दुरुस्तीवरून सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की अध्यक्षांचा निर्णय तपासायचा नाही, ती सभागृहाची अंतर्गत बाब. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात यावर पाणी पडलं. काही परिस्थितीत निर्णय तपासता येतो असं बहुमताने धरलं, इंग्लंडची ती कोर्टबंदीची ओळ आपण घेतली नव्हती ना, तिचा अर्थ इथे लागला. पण तपासून काय म्हणाले, तर कलम ७ हाच गाभा आहे आणि बाकीचं आनुषंगिक, म्हणून मनी बिल बरोबर. आणि कलम ५७ मधला खासगी कंपन्यांचा भाग मात्र रद्द. म्हणजे जो तुकडा मनी बिलात बसत नव्हता तो कापला आणि मग उरलेलं बसतंय म्हणाले! चार विरुद्ध एक असा निकाल, आणि जे एक न्यायमूर्ती वेगळे पडले त्यांनी लिहिलं की असं बिल मनी बिल म्हणून नेणं ही घटनेची फसवणूक आहे. "फक्त" या शब्दाला वजन दिलं ते त्यांनी.

पुढच्याच वर्षी, १३ नोव्हेंबर २०१९ ला, न्यायाधिकरणांच्या केसमध्ये दुसऱ्या पाच न्यायमूर्तींनी म्हटलं की आधार निकालात "फक्त" चा नीट विचार झालेला दिसत नाही. पण तेही पाच आणि आधीचेही पाच, पाच जणांना पाच जणांचा निकाल उलटवता येत नाही, म्हणून प्रश्न सात न्यायमूर्तींकडे पाठवला. २०२१ मध्ये आधारच्या फेरविचार याचिका चार-एकनेच फेटाळल्या, तेच न्यायमूर्ती पुन्हा वेगळे, म्हणाले सात जणांचं येईपर्यंत थांबा. २०२२ ला मनी लाँडरिंग कायद्याच्या निकालात फायनान्स ॲक्टमधून केलेल्या बदलांचा मुद्दा आला तो सातजणांवर सोडला. फेब्रुवारी २०२४ ला इलेक्टोरल बाँड रद्द झाले पण ते माहितीच्या हक्कावरून, मनी बिलाच्या मुद्द्याला तिथेही हात लावला नाही.

अध्यक्षांबद्दल एवढंच की १९६७ साली एकांनी निवड झाल्यावर पक्षाचा राजीनामा दिला होता, ते इथे रूढ झालं नाही. २००८ ला दुसऱ्या एकांनी पक्षाचं ऐकून खुर्ची सोडायला नकार दिला तर पक्षाने त्यांनाच काढून टाकलं. असल्या व्यवस्थेत अध्यक्षांचं सर्टिफिकेट पक्षापासून लांब राहील अशी अपेक्षा कुणी कशाच्या जोरावर करायची? आणि सात न्यायमूर्तींचं म्हणाल तर २०१९ ला त्यांच्याकडे गेलेला प्रश्न २०२४ संपलं तरी सुनावणीला लागला नव्हता, दरम्यान दर वर्षी १ फेब्रुवारीला नवं फायनान्स बिल येतंच होतं.